ब्रेक कंट्रोलरला करंट कुठून द्यायचा आणि तो परत कसा आणायचा

प्रश्न थोडक्यात असा: दोन ॲक्सलची, चारही चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक असलेली कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) आहे. ओढणाऱ्या गाडीत कंट्रोलर, म्हणजे पेडल दाबलं की कॅरॅव्हॅनच्या ब्रेकना करंट देणारा डबा, घरीच बसवला. त्याचा पुरवठा डॅशबोर्डातल्या १२ व्होल्ट सॉकेटच्या वायरला जोड मारून घेतला आणि कॅरॅव्हॅन जोडायच्या मागच्या प्लगपर्यंत ‘अडीचची’ वायर ओढली. आता ब्रेकचा जोर ठरवणारा नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी कॅरॅव्हॅन मागून ढकलतेच, इंडिकेटर लावला की ब्रेक हिसके देतात, आणि एकदा लांब उतारावर सॉकेटचा १५ अँपिअरचा फ्यूज उडाला आणि कॅरॅव्हॅनचे ब्रेक गेलेच. तर कंट्रोलर बदलू का?

एवढ्यात नको. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं कंट्रोलरच्या बाहेरची आहेत. असे ‘खराब’ कंट्रोलर माझ्याकडे नेहमी येतात, आणि टेबलावर लोड लावून बघितलं की त्यातले बहुतेक ठणठणीत निघतात.

आधी आत काय चालतं ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रत्येक ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. त्याला करंट मिळाला की तो फिरत्या ड्रमच्या सपाट बाजूला चिकटू पाहतो. ड्रम त्याला आपल्याबरोबर थोडा ओढतो, त्यामुळे चुंबक ज्या दांड्याच्या टोकाला असतो तो दांडा तिरका होतो आणि दांड्याचं वरचं टोक शूजना, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांना, बाहेर रेटतं. तेल नाही, पाइप नाही, मास्टर सिलिंडर नाही. चुंबकातून किती करंट गेला, त्यावर ब्रेक किती लागणार ते ठरतं. (चाक फिरत नसेल तर ब्रेक लागतही नाही. अंगणात उभ्या कॅरॅव्हॅनवर ‘ब्रेक तपासले’ असं कुणी म्हणालं तर त्याने फक्त चुंबकाची घूंघूं ऐकलेली असते.)

कंट्रोलर या करंटचे तुकडे पाडतो, म्हणजे पुरवठा फार वेगाने चालू-बंद करतो. कमी ब्रेक हवा असेल तर चालूचा वाटा कमी, जास्त हवा असेल तर जास्त. नॉब शेवटाला नेऊन पेडल जोरात दाबलं की चालूचा वाटा जवळजवळ पूर्ण होतो, म्हणजे त्या क्षणी कंट्रोलर ही बॅटरी आणि चुंबक यांच्यामधली एक वायरच असते. तो स्वतःच्या खिशातून काहीच घालू शकत नाही. त्यामुळे नॉब शेवटाला असूनही ब्रेक कमजोर असतील आणि ड्रमच्या आतली कामं ठीक असतील, तर करंट वाटेत कुठेतरी मरतो आहे.

किती मरतो, ते आकड्यांत बघा. १० किंवा १२ इंची ड्रममधल्या चुंबकाचा रोध साधारण ३.२ ओहम असतो. चार चुंबक समांतर जोडले की ०.८ ओहम. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.६ व्होल्ट धरा. बॅटरीपासून कंट्रोलर, तिथून मागचा प्लग, तिथून ॲक्सल आणि कॅरॅव्हॅनमधली परतीची वायर, असा एकूण २० मीटर तांब्याचा रस्ता सहज होतो. खऱ्या अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्यात याचा रोध ०.१४ ओहम. म्हणजे साडेचौदा अँपिअर वाहतात आणि २ व्होल्ट वायरमध्येच जातात, चुंबकाला ११.६ मिळतात. तेवढ्याच अंतराला ६ स्क्वेअर एमएम वापरली तर तोटा ०.९ व्होल्टवर येतो आणि चुंबकाला १२.७ मिळतात.

आता यात एक गंजलेली पिन किंवा ढिला लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) घाला, समजा ०.२ ओहमचा. अडीचच्या वायरवर करंट १२ अँपिअरच्या खाली येतो आणि चुंबकाला साडेनऊ व्होल्ट उरतात. शिवाय त्या एका पिनेत २८ वॉट उष्णता तयार होते. प्लगमधली एखादी पिन काळी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं तुम्ही पाहिलं असेल, त्यामागे हे गणित असतं. वायर जाड करण्यावर सगळे बोलतात. माझ्या अनुभवात निम्मा तोटा जोडांत असतो, आणि जाड वायर वाईट क्रिंपवर (पकडीने दाबून केलेल्या जोडावर) संपली तर ती जाडी वाया गेली.

‘अडीचची’ म्हणजे नक्की कसली, हेही एकदा बघा. काही ठिकाणी गाडीच्या वायरचा आकार बाहेरच्या व्यासावरून, म्हणजे प्लास्टिकच्या आवरणासकट सांगतात. अशी ‘६ एमएम’ ऑटो केबल आतून फक्त ४.६ स्क्वेअर एमएमच्या आसपास असते, आणि ‘४ एमएम’ म्हणून मिळते ती जेमतेम १.८. लेबलवर ‘स्क्वेअर’ लिहिलेलं नसेल तर तांब्याचा छेद विचारूनच घ्या. चार ब्रेकसाठी मी पूर्ण लांबीला ६ स्क्वेअर एमएम टाकतो, कॅरॅव्हॅनमध्येसुद्धा. दोनच ब्रेक असतील तर ४ ने भागतं.

आता पुरवठा. सॉकेटच्या वायरचा जोड आजच काढा. ती वायर आणि तिचा फ्यूज मोबाइल चार्जर, टायरचा पंप अशा गोष्टींसाठी बेतलेले असतात. चार ब्रेक पूर्ण लागले की १५-१६ अँपिअर सहज होतात. सपाट रस्त्यावर तुम्ही पूर्ण ब्रेक क्षणभरच मारता म्हणून तो १५ चा फ्यूज तग धरतो. उतारावर ब्रेक लांबतात, फ्यूज तापतो आणि नेमका तिथेच उडतो. फ्यूजने त्याचं काम केलं. त्याला त्या जागी बसवणं चुकलं.

कंट्रोलरला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट, स्वतःची वेगळी वायर हवी. इग्निशनमधून नको, कॅरॅव्हॅनच्या फ्रिजला जाणाऱ्या वायरवर नको, फ्यूज बॉक्समधल्या रिकाम्या खाचेतूनही नको. कंट्रोलरच्या माहितीपत्रकात उलटं लिहिलं असेल तरच अपवाद. या वायरवर बॅटरीपासून वीतभर अंतरात आपोआप परत जोडला जाणारा सर्किट ब्रेकर लावा. चार ब्रेकना २० ते ३० अँपिअरचा लागतो. नेमका आकडा तुमच्या कंट्रोलरचा उत्पादक देतो. साधा फ्यूज का नको? कारण तो उडाला की ब्रेक गेले, आणि गाडी चालवणाऱ्याला ते पुढच्या वळणावर कळतं. आपोआप जुळणारा ब्रेकर थंड झाला की पुन्हा चालू होतो, म्हणजे निदान थोड्या वेळाने ब्रेक मिळतात. हातानं बटण दाबून चालू करायचा ब्रेकर इथे फ्यूजइतकाच निरुपयोगी, कारण तो बॉनेटखाली आहे आणि तुम्ही स्टेअरिंगवर. या ब्रेकरच्या दोन स्टडपैकी तांब्याच्या रंगाचा स्टड बहुधा बॅटरीच्या बाजूचा असतो आणि चंदेरी लोडच्या. त्यावर अक्षरं कोरलेली असतात, ती वाचून घ्या.

ब्रेकर बॅटरीजवळच का, असं पुष्कळ जण विचारतात. तो वायरसाठी आहे, कंट्रोलरसाठी नाही. ब्रेकर डॅशबोर्डाखाली लावला आणि बॉनेटखाली वायर कुठे घासून उघडी पडली, तर बॅटरी आणि शॉर्ट यांच्यामध्ये काहीच नसतं.

बऱ्याच कंट्रोलरना चार वायरी असतात: काळी, पांढरी, लाल आणि निळी. इथे एक महागडा सापळा आहे. गाडीच्या सवयीने माणूस काळीला अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत नेणारी वायर, समजतो. या जातीच्या कंट्रोलरमध्ये काळी ही बॅटरीची पॉझिटिव्ह असते आणि पांढरी अर्थ. लाल ब्रेक लाइटच्या सिग्नलची, निळी मागे चुंबकांकडे जाणारी. काळी-पांढरी उलटी लावून जाळलेला कंट्रोलर मीही सुरुवातीच्या काळात गिऱ्हाइकाला स्वतःच्या खर्चाने भरून दिला आहे. तुमच्या डब्यातल्या कागदावर वेगळे रंग असतील तर कागद खरा, मी नाही.

अर्थ हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग, म्हणून त्यावर जास्त लिहितो. जाताना जेवढा करंट जातो तेवढाच परत यावा लागतो. तुमचं दुसरं लक्षण, इंडिकेटरच्या तालावर ब्रेक हिसके देणं, हे कमजोर अर्थचं जवळजवळ नाव-गाव सांगणारं लक्षण आहे. ब्रेक, इंडिकेटर, मागचे दिवे सगळे प्लगमधल्या एकाच पांढऱ्या वायरने परत येतात. ती वायर बारीक असेल किंवा तिची पिन गंजलेली असेल, तर इंडिकेटर पेटला की त्या वाटेवर गर्दी होते, कॅरॅव्हॅनची अर्थ क्षणभर वर उचलली जाते आणि चुंबकाचा करंट खाली-वर होतो. टो बारच्या (गाडीच्या मागच्या ओढदांड्याच्या) बॉलवरून अर्थ परत येईल असं धरून चालणारेही भेटतात. बॉलवर ग्रीस असतं, गंज असतो, आणि तो सतत हलत असतो. दिवे त्यावर लुकलुकत चालतील, १५ अँपिअर नाही.

म्हणून कॅरॅव्हॅनमध्ये परतीची वायर ही ब्रेकच्या निळ्या वायरइतकीच जाड हवी. गाडीच्या बाजूला प्लगची अर्थ चासीला लावायची तर रंग खरवडून, लग क्रिंप करून, दातेरी वॉशर घालून बोल्टने आवळा आणि वरून गंजरोधक लावा. पत्र्यात मारलेला स्क्रू म्हणजे अर्थ नव्हे. कंट्रोलरची पांढरी वायर बॅटरीकडे न्यावी, पण हल्लीच्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तसं असेल तर वायर टर्मिनलला न लावता, त्या सेन्सरची जाड केबल बॉडीवर जिथे उतरते तिथे लावा. टर्मिनललाच लावली तर तुमचा करंट मोजणीतून सुटतो आणि गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकत जातो.

लाल वायर बारीक असली तरी चालते, ती फक्त ‘पेडल दाबलं’ एवढंच सांगते. पेडलच्या स्विचवर जी बाजू पेडल दाबल्यावरच १२ व्होल्ट दाखवते, ती पकडायची. ती मल्टिमीटरने शोधा, बल्बवाल्या टेस्टरने नको. नव्या गाड्यांत त्या वायरी कॉम्प्युटरला जातात आणि बल्बचा करंट त्यांना मानवत नाही. काही गाड्यांत पेडलच्या स्विचवर नुसता सिग्नल असतो किंवा तो उलटा चालतो. मग ब्रेक लाइटच्या मूळ वायरवरूनच सिग्नल घ्यावा लागतो. मागे इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा एकच असेल तर तिथून मात्र घेऊ नका, नाहीतर वळताना ब्रेक लागतील. कंट्रोलरच्या हातानं चालवायच्या लिव्हरने ब्रेक लागतात पण पेडलने लागत नाहीत, असं झालं तर पहिला संशय या लाल वायरवर घ्या.

जोड मारताना निळ्या-लाल प्लास्टिकच्या, पकडीने दाबायच्या क्लिपा वापरू नका. त्या वायरचे तंतू कापतात, पाणी आत घेतात, आणि दोन पावसाळ्यांनी जो दोष देतात तो शोधायला अर्धा दिवस जातो. चांगला क्रिंप, वर गोंदवाली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी), एवढं पुरे. वायर लोखंडी भिंतीतून जाते तिथे ग्रोमेट (भोकात बसवायची रबरी कडी), एक्झॉस्टपासून लांब, आणि टो बारजवळ थोडी सैल.

निळ्या वायरवर चुंबकांशिवाय काहीही जोडायचं नाही. ब्रेक लागलेत का ते दिसावं म्हणून एका गृहस्थांनी त्यावर कॅरॅव्हॅनमधला दिवा लावला होता, आणि त्या दिव्याला कॅरॅव्हॅनमधल्या बॅटरीचाही पुरवठा होता. करंट उलटा येऊन चुंबक सदैव अर्धवट चिकटलेले. ड्रम इतके तापलेले की हातानं शिवता येत नव्हते.

मागच्या प्लगवर रंगांवर विश्वास ठेवू नका, पिन मोजा. ऑस्ट्रेलियातल्या चपट्या ७ पिनांच्या प्लगमध्ये निळी ब्रेकची, अमेरिकी ७ पात्यांच्या प्लगमध्येही निळी ब्रेकची. पण युरोपीय ७ पिनांच्या गोल प्लगमध्ये हीच निळी मागच्या फॉग लॅम्पची असते. पांढरी तिन्हीकडे अर्थ आहे. युरोपात बनलेल्या बहुतेक कॅरॅव्हॅनना मुळात ओव्हररन ब्रेक असतो, म्हणजे कॅरॅव्हॅन पुढे रेटली की जोडणीतला दांडा दबून ब्रेक लागतो. तिथे कंट्रोलरची गरजच नसते. वापरलेली कॅरॅव्हॅन घेणाऱ्याने हे आधी खाली वाकून बघावं.

कॅरॅव्हॅनखाली काय बघायचं ते आता. चुंबकाच्या दोन वायरींना प्लस-मायनस नसतो; एक ब्रेकच्या वायरला, दुसरी अर्थला, बस. वायर एका चाकावरून दुसऱ्या चाकावर अशी बारीक वायरने पुढे पुढे नेलेली असेल तर शेवटचं चाक उपाशी राहतं. जाड वायर दोन्ही ॲक्सलच्या मध्यापर्यंत आणून तिथून चारही चाकांना फाटे काढा. ॲक्सलच्या नळीतून गेलेली वायर आत घासून उघडी पडते. चालताना ब्रेकर उडतो आणि उभं राहिल्यावर सगळं ठीक दिसतं, तेव्हा तिथे बघा. चुंबकाला लागलेलं ग्रीस, झिजून तिरका झालेला चुंबक, फार सैल शूज, हे वायरिंगचे दोष नाहीत, पण लक्षण तेच देतात.

उतारावर आणखी एक गोष्ट होते. चुंबकाचं तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. २० अंशांवर ३.२ ओहम असलेला चुंबक १२० अंशांवर सुमारे ४.४ ओहमचा होतो. म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला करंट चौथ्या हिश्शाहून जास्त घटतो. शूजवरचं लायनर तापल्यामुळे होणारी घट वेगळीच. यावर वायर जाड करणं हा उपाय नाही. खालचा गिअर टाकून उतरणं हा आहे.

ब्रेकअवे, म्हणजे जोडणी तुटली तर कॅरॅव्हॅनला स्वतःहून थांबवणारी यंत्रणा, तिची बॅटरी कॅरॅव्हॅनमध्ये वेगळी असते. पिन उपटली गेली की ती बॅटरी चुंबकांना थेट जोडली जाते आणि ब्रेक निदान १५ मिनिटं धरून ठेवू शकेल एवढी ती भरलेली हवी. तिची दोरी गाडीच्या पक्क्या भागाला बांधा. सेफ्टी चेनला किंवा बॉलला नको. आणि ही पिन ओढून तपासायची असेल तर आधी गाडीचा प्लग काढा. प्लग जोडलेला असताना पिन ओढली तर कॅरॅव्हॅनच्या बॅटरीचे १२ व्होल्ट निळ्या वायरने उलटे कंट्रोलरच्या तोंडात जातात आणि काही कंट्रोलर त्यात जळतात. ब्रेकअवे म्हणजे पार्किंग ब्रेकही नाही, तासाभरात बॅटरी बसेल आणि कॅरॅव्हॅन निघेल.

कंट्रोलर बसवण्याच्या जागेबद्दल फार नाही: गाडीचा वेग कमी होण्याचं प्रमाण मोजून ब्रेक देणारा प्रकार असेल तर तो हलणाऱ्या प्लास्टिकच्या झाकणावर नको, बॉडीला घट्ट हवा, आणि माहितीपत्रकात दिलेल्या कोनात. हातानं चालवायचा लिव्हर सीटबेल्ट लावलेल्या माणसाला न वाकता सापडला पाहिजे. कॅरॅव्हॅन मागे झुलायला लागते तेव्हा तोच हलका दाबून तिला सरळ करायचं असतं, आणि त्या वेळी शोधाशोध करायला सवड नसते.

आता तुमच्यापुरता क्रम सांगतो. आधी बॅटरीवरून ब्रेकरसह नवी वायर टाका, प्लगच्या दोन्ही बाजू उघडून पिना चकचकीत करा, दोन्ही बाजूंची अर्थ नव्याने बांधा. मग इंजिन चालू ठेवून, कुणालातरी लिव्हर पूर्ण दाबून धरायला लावून, निळ्या वायरवर डीसी क्लॅम्प मीटर (वायर न तोडता, तिला चिमटा लावून करंट मोजणारा) लावा. चार चुंबकांना १५ च्या आसपास अँपिअर दिसले तर उत्तम. ११-१२ असतील तर एखादा चुंबक किंवा त्याची वायर तुटलेली आहे, किंवा वाटेत मोठा तोटा आहे. ओहम मोजत बसू नका, ०.८ ओहम साध्या मीटरवर धड वाचता येत नाही. त्याऐवजी लिव्हर दाबलेला असतानाच बॅटरीच्या प्लसपासून चुंबकाच्या प्लसपर्यंत व्होल्ट मोजा, मग चुंबकाच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. मीटरची वायर लांब लागेल, जोडून घ्या. जिकडे आकडा मोठा, दोष तिकडे. मग त्या वाटेचे तुकडे पाडत या. प्लगच्या अलीकडे-पलीकडे एका पिनेवर अर्धा व्होल्ट सापडला तर ती पिन बदला. नॉब शेवटाला नसेल तर साधा मीटर या तुकड्यातुकड्याच्या करंटवर काहीही आकडे दाखवतो, म्हणून हे मोजताना नॉब पूर्ण ठेवा.

हे झाल्यावर शूज जुळवा: जॅकवर चाक उचलून दातेरी चाक फिरवत शू ड्रमला अडेपर्यंत आणा, मग चाक मोकळं फिरेल एवढं मागे घ्या. नंतर मोकळ्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर दोन-चार वेळा ब्रेक मारून ड्रम कोमट करा आणि ताशी ३०-४० किलोमीटरला नुसता लिव्हर ओढा. चाकं लॉक होईपर्यंत नॉब वाढवा आणि तिथून थोडा खाली आणा. कॅरॅव्हॅन भरलेली असताना एकदा आणि रिकामी असताना एकदा. कॅरॅव्हॅनचे ब्रेक गाडीला किंचित मागे धरतात असं वाटलं की थांबा.

एवढं करूनही क्लॅम्प मीटरवर करंट आला नाही, कंट्रोलरच्या काळ्या वायरवर लोड असताना तेरा-साडेतेरा व्होल्ट आहेत, पांढरीवर शून्याजवळ आहे आणि निळ्यावर मात्र नऊ-दहाच निघतायत, तर मग तुमचा कंट्रोलर खरंच गेला आहे आणि नवा घ्या.